दुधाची पुडी

“फेस बसू द्या, मग बोला,” हे मंजुळाबाईंचं ठरलेलं वाक्य. वडवणीच्या अलीकडं आमच्या गावात बायकांची दूध सोसायटी आहे. मंजुळाबाई तिथं दूध मोजायच्या, त्यातली स्निग्धता तपासून फॅट लावायच्या. फेसासकट माप धरा म्हणून कुणी भांडलं, की त्या हात आखडून बसायच्या. बारा वर्षांत सभासदांच्या दुधातला एक थेंब त्यांनी स्वतःच्या चहात घातला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि गावाला थोडा जाच.

चाळिशीत त्यांना ल्युपस निघाला. गालांवर लाल चट्टे, सकाळी बोटं वळायची नाहीत. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यात शरीर स्वतःवरच उलटतं. गोळ्या रोज घ्यायच्या आणि ऊन टाळायचं. तेव्हापासून त्या छत्री घेऊन निघायच्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि रस्त्यानं एकच बाई छत्रीखाली.

“मंजुळे, तुला एकटीलाच पाऊस लागतोय व्हय?” छबुबाई पारावरून ओरडायची. एका म्हशीची मालकीण, पण जीभ गावभर चालायची.

“तुमी बी या की छत्रीत, मावशी. तेवढाच जिभेला गारवा.”

ऊन टळलं, तसं अंगातलं डी जीवनसत्त्व घटलं. डॉक्टरीणबाईंनी आठ पुड्या दिल्या. दर रविवारी एक, दुधातून.

त्याच आठवड्यात घरची म्हैस आटली. सोसायटीत रोज येणारं तीनशे लिटर दूध दुष्काळानं चाळिसावर आलं होतं. नवरा धर्मराज म्हणाला, “वडवणीहून पिशवीचं दूध आणू का?”

“सोसायटीची बाई पिशवीचं दूध पिती, असं ऐकायचंय का तुमाला?”

म्हैस व्याली की सुरू करू, असं म्हणून त्यांनी पुड्या डब्यात ठेवल्या.

दोन महिन्यांत पाय सुजले. लघवीला फेस येऊ लागला. तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पुड्या संपल्या?” मंजुळाबाईंनी पिशवीतून आठही पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

“दूध न्हाई, बाई.”

“अहो, तुम्ही तर दूध सोसायटीत काम करता!”

“ते सभासदाचं हाय.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “पाण्यातून घेतली असती तरी चाललं असतं, जेवण झाल्यावर.”

मंजुळाबाईंनी पुड्या जवळ ओढल्या. “मग हे माझ्यामुळंच वाढलं का?”

“तसं मी म्हणणार नाही. आजार जोरात असतो तेव्हा डी बऱ्याचदा कमी सापडतं. पण कशामुळं काय होतं, ते अजून नीट उलगडलेलं नाही. पुड्या घ्या. बाकीच्या गोळ्या वाढवल्यात, त्या एक दिवस चुकवू नका. लघवीतून प्रथिनं चाललीत. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. कमी झाली नाहीत तर मूत्रपिंडाला धक्का आहे असं धरून भरती व्हावं लागेल.”

मग तीन आठवडे रोज तेच. सकाळी मंजुळाबाई डब्यात लघवी धरायच्या आणि फेस बसायची वाट बघत उभ्या राहायच्या. दुधाचा फेस किती वेळात बसतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. हा बसायचा नाही. दाराबाहेर उभा असलेला धर्मराज विचारायचा, “आज?” आतून डबा विसळल्याचा आवाज यायचा.

रविवारी त्यांनी सोसायटीतच भाकरी खाल्ली आणि पाण्यात पुडी ढवळली. छबुबाईनं आपल्या बादलीतून पेलाभर दूध पुढं केलं. मंजुळाबाईंनी तो पेला कॅनमध्ये ओतला आणि तिच्या नावावर मांडला.

“बघा गं बायांनो,” छबुबाई म्हणाली, “जन्मभर दुधात पाणी घालणाऱ्या आमाला धरलं, आन् आता सोताच दुधाची पुडी पाण्यात कालवती!” सगळ्या हसल्या. हसता हसता छबुबाईनं पदर डोळ्याला लावला, तो कुणी पाहिला नाही असं तिला वाटलं.

तपासणीच्या दिवशी मंजुळाबाईंनी नमुन्याची बाटली रुमालात गुंडाळली. पिशवीत दोन लुगडी टाकली. धर्मराजनं लुगडी पाहिली.

“संध्याकाळी माघारी येशील ना?”

“कॅनची झाकणं घट्ट लावा. आन् फॅट अंजनाला लावू द्या, तिला शिकवलंय.”

वाटेवर सोसायटीत अंजना, त्यांची जाऊबाई, माप हातात धरून उभी होती. बायकांची रांग होती, पण कुणी बादली पुढं करेना. एसटी थांब्याची वाट उताराची. छत्रीखाली, सुजल्या पायांनी मंजुळाबाई हळूहळू उतरत गेल्या, बाटली छातीशी धरून, एकदाही मागं न बघता. धर्मराज सोसायटीच्या दारात उभा होता. छबुबाई बादली खाली ठेवून रस्त्याच्या मधोमध आली, आणि बाभळींच्या आड लुगड्याचा काठ दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.