दहा हिरव्या फळ्या

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची जागा आणि मागची काच घासायची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. वीस वर्षांच्या कर्जावर दुकान घेतलं, तेव्हा त्याच्या बायकोनं सुताराकडून मोजून वीस फळ्या ठोकून घेतल्या. वर्षाचे हप्ते भरून झाले की ती एक फळी हिरवी रंगवायची. म्हणायची, "एवढं आपलं झालं."

दहावी फळी रंगवली आणि त्याच वर्षी ती गेली. मग चष्मेवाला जेवायचा, झोपायचा, काचा घासायचा. आत काही पोचत नव्हतं. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, दुकान विका नि इकडे या." जायला त्याची ना नव्हती; फक्त जावयाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नव्हतं. शेजारचा न्हावी दुकान घ्यायला तयार होता. निम्मं कर्ज फिटलंय, उरलेलं चुकवून गाठीला बरं राहील, असा हिशेब चष्मेवाल्यानं फळ्यांकडे बघून केला.

बँकेतल्या बाईंनी आकडा काढला. मुद्दल अजून रुपयात बारा आणे बाकी होतं. न्हाव्याच्या पैशांतून ते चुकवलं, तर हाती जेमतेम गाडीभाडं उरत होतं.

"निम्मी वर्षं भरली की मी, बाई."

"हप्ता तेवढाच असतो, काका, आतली वाटणी बदलते. व्याज लागतं उरलेल्या मुद्दलावर. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून हप्त्यातलं बरंचसं व्याजच खातं. मुद्दल उतरत गेलं की व्याज घटतं, मग तोच हप्ता मुद्दलात जास्त जातो. शेवटची वर्षं भराभर फिटतं."

"म्हणजे पाचच फळ्या," तो म्हणाला. बाईंना काही कळलं नाही.

न्हाव्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग पाच खरवडून टाका. माझा वस्तरा देतो."

चष्मेवाला हसला नाही, रागावलाही नाही.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "नुसते या, बाबा. इथं कोण तुमचे खिसे तपासतंय?"

"चढ तुझ्या आईबरोबर चढलो," तो सावकाश म्हणाला. "आता उतार लागायच्या वेळी टाकून कुठं येऊ?"

मग ती म्हणाली, "जेवलात का?"

"जेवतो."

फोन ठेवून त्यानं रंगाचा डबा उघडला. वर जाड साय धरली होती. अकरावं वर्ष अजून भरायचं होतं. त्यानं झाकण दाबून बसवलं, काच घासायच्या दगडाचं बटण दाबलं आणि फिरत्या दगडाला काच लावली.