साहेबांचा बेंतो

आमचे साहेब पंधरा दिवस जपानला जाऊन आले आणि डब्याला बेंतो म्हणायला लागले. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे सुटे भाग करायचो. गिऱ्हाईक जपानी, साहेब पुण्याचे. नवं शतक नुकतंच लागलेलं, जपानी म्हटलं की माना डोलायच्या. बेंतो म्हणजे डबाच, फक्त आडवा आणि खणाखणांचा. पण साहेबांनी तो असा मिरवला, जणू तोवर आम्ही ओंजळीतून जेवत होतो.

सगळ्यांना प्लॅस्टिकचे बेंतो वाटले गेले. आपापल्या टेबलावर बसून आपापल्या खणातलं खायचं. शिस्त! पहिल्याच दिवशी साहेबांचं सांबार शेजारच्या शिऱ्यात शिरलं. तरी ते हसतमुखाने खात राहिले. पाहणीला आलेले जपानी पाहुणे मात्र दुपारी बाहेर बिर्याणी खायला गेले.

मी हे हसून सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे एक वयस्कर ड्राफ्ट्समन होते, तंजावरकडचे मराठी. बायको गेल्यापासून ते डब्यात नुसता दहीभात आणायचे. पूर्वी आम्ही एकाच टेबलावर डबे उघडायचो, भाज्या फिरायच्या आणि शेवटी त्यांचा दहीभात सगळ्यांच्या ताटलीत घास-घास पडायचा. त्याशिवाय कुणी हात धुवायला उठत नसे. कुणी काय आणलंय हे लक्षातही यायचं नाही.

आता त्यांच्या बेंतोत एक खण भरलेला आणि बाकीचे रिकामे, सगळ्यांना दिसतील असे. साहेब येता-जाता म्हणायचे, "अण्णा, बॅलन्स्ड डाएट हवं हं." या माणसाने स्वतःची अक्कल कुठे ठेवली होती कोण जाणे.

म्हातारे भिंतीकडे तोंड करून, झाकण अर्धं लावून जेवायला लागले. मला ते बघवेना. एके दुपारी वांग्याची भाजी घेऊन मी सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, बेंतो शेअर करत नाहीत," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही करू नका," मी म्हटलं आणि भाजीचा चमचा रिकाम्या खणावर नेला.

म्हाताऱ्यांनी खणावर हात आडवा धरला. हीच भाजी ते इतकी वर्षं माझ्याकडून हक्काने मागून घ्यायचे.

"नक्को मा," ते हळूच म्हणाले. "मज हे पुरे."

मी तशीच परत आले. बेंतो येण्याआधी ते आमचं सगळ्यांचं जेवण होतं. साहेबांच्या खणांनी त्याची भीक केली होती आणि ती घ्यायला अण्णा तयार नव्हते.