गुरुवारची पोटदुखी

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळते. उभ्यानं आठ तास, आणि ओव्हरटाइम लागला की बारा. सकाळी लेक उठायच्या आत माझी बस, रात्री परतते तोवर ती पेंगुळलेली. नवरा दुसऱ्या कंपनीत रात्रपाळीला, त्यामुळे शाळेचं सगळं तोच बघतो. त्यात आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळेला रविवारी. कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे!

लेक दुसरीत गेली आणि तिचं पोट दुखायला लागलं. शाळेच्या वेळेला कळवळायची, दुपारी बरी व्हायची. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा माझं धाबं दणाणलं. शेवटी दुसऱ्या दिवशी खाडा करून तिला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत काहीच निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेमकं कधी दुखतं?"

आठवून पाहिलं. दर वेळी गुरुवारच होता.

आमची घरमालकीण गावातली जुनी. ती म्हणाली, "नजर लागलीया पोरीला. न्हाईतर गुरवारीच कसं दुखंल?" मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मग मात्र माझं टाळकं सरकलं. दप्तर तिच्यापुढे आदळून विचारलं, "खरं सांग, दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"तू घरी असतेस ना आज."

"अगं, पण मी तर दिवसभर झोपलेली असते!"

"मीपण झोपते ना, तुझ्या शेजारी."

आदळलेलं दप्तर मी उचलून घेतलं. दुखणं नाही म्हणून जीव भांड्यात पडला आणि लाजही वाटली. खरं तर ती कंपनीला वाटायला हवी, पण येते ती आमच्याच वाट्याला.

तिची समजूत काढून तिला शाळेत धाडलं. धुणं, दळण, झोप, सगळं बाजूला सारलं आणि शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं, पोरगी पळत येऊन बिलगेल.

ती मैत्रिणींबरोबर हसत बाहेर आली. मला पाहिलं आणि जागीच थांबली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, काय झालं? पप्पा बरे आहेत ना?"