एकाच पाणवठ्याची दुपार

इंदू, हे पत्र घेऊन अशी बस आणि ऐकून घे. दोन महिने झाले, तुझी चार ओळींची खुशाली नाही. धाकटी म्हणून किती लाड करायचे गं?

नागपूरहून निघाले त्या दिवशी तू फाटकाशी माझा हात सोडेनास. "आपलं जंगल सोडून कुठे चाललीस?" म्हणालीस. अगं, कसलं आपलं? तुझे भाऊजी वनरक्षक. ताडोबाच्या कडेला क्वार्टरमध्ये आमची बावीस वर्षं गेली, पण मी जंगलात एकदाही गेले नाही. विचारलं की म्हणायचे, "उद्या नेतो." असेच उद्या-उद्या करत ते गेले.

आता मी इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला. मुलगा सुधीर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याला सगळं मिनिटांत हवं. यंदा उरलाउबला, म्हणजे सुट्टीत, केनियाची सफारी ठरली. त्यानं जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. सकाळची फेरी साडेसहाला, दुपारची साडेतीनला, एका दुपारी सहा पाणवठे! प्रत्येक फेरीपुढे तो, सून आणि नात, अशा तिघांची नावं. माझ्यापुढे लिहिलेलं, "आई: लॉजवर आराम."

"जीप फार आदळते गं आई. तुझे गुडघे..."

मी मेथी निवडत होते. पण गप्प बसवेना.

"सहा पाणवठे पळत बघशील तर सहा ठिकाणची धूळ बघशील. तुझे बाबा बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला एकाच पाणवठ्यावर दिवसरात्र बसायचे. जनावर आपल्या वेळेनं येतं. आणि नुसतं बसायला गुडघे लागत नाहीत!"

सून फिसकन हसली. नात मीरा, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये, तिनं पेन्सिल घेऊन पाच पाणवठे खोडले. उरलेल्यापुढे लिहिलं, ओमा. म्हणजे आजी.

सुधीरनं कागद जवळ ओढला. "बाबांनी तुला कधीच आत नेलं नाही?"

"नाही रे."

"आल्झो... बरं, मग सकाळीही ये. पुढच्या सीटवर बस, तिथे कमी आदळतं."

गेलो बाई. त्या पाणवठ्यावर दीड तास काही नाही. सुधीर घड्याळ बघतोय, मीरा त्याला दटावतेय. मग हत्तिणी आल्या, पिल्लांना मधे घेऊन, आवाज न करता. तुझ्या भाऊजींनी कधी जंगल दाखवलं नाही, तो माझा जुना राग तिथेच उतरला.

इथे शेजारीण काय बोलते ते मला अजून निम्मं कळत नाही. पण परवा तिनं "कुणाकडे आलात?" विचारलं तेव्हा मी "मुलाकडे राहते" म्हटलं नाही, "आमचं घर तिसऱ्या मजल्यावर" असं सांगितलं. तर तू पासपोर्ट काढ, आणि आमच्या घरी ये. लवकर ये.