ओलीनं चिकटलेलं पत्र

भुताखेतांच्या गप्पांना हसणाऱ्यांत माझा नंबर पहिला! अंगारे-धुपारे मला आजही पटत नाहीत. पण ही गोष्ट माझ्याच तोंडून घडली, तेव्हा हसू कुणाला?

सुरतजवळचं कडोदरा, नव्वदच्या दशकात. वडील कापडाच्या लूमवर कामाला, मी कॉलेजात. धुळ्याकडून आमच्याकडे राहायला येताना आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, एकच वस्तू जिवापाड जपून आणली – तारेत ओवलेली पत्रं. खाली आजोबांची, लढाईतली. ते ब्रह्मदेशात खेचरांच्या पलटणीत होते. वर वडिलांनी सुरतेहून गावी धाडलेली पोस्टकार्डं.

आई जन्मली तेव्हा आजीनं मास्तरांकडून आजोबांना कळवलं, नाव विचारलं. उत्तर आलं की मगच बारसं करू, असं ठरलं... पुढे एक भिजलेलं पत्र आलं, त्यात लेकीचा उल्लेखच नाही; मग आला तो सरकारी कागद – बेपत्ता. बारसं राहिलं ते राहिलंच. आजी आईला नुसतं 'पोरी' म्हणायची. सुनंदा हे नाव लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. आपण जन्मलो हे बापाला कळलं तरी का, एवढं एकच आईला आयुष्यभर खुपायचं.

सुट्टीच्या दुपारी आजीला पत्रं वाचून दाखवणं माझ्याकडे. सगळी तोंडपाठ! एकदा कंटाळून, निव्वळ चावटपणा म्हणून, आजोबांच्या शेवटच्या पत्रात मी पदरचं घुसडलं – "मुलीचे नाव लवंगी ठेव. माझ्या खेचराचे तेच आहे. लाथ मारते, पण साथ सोडत नाही."

"खेचरनं नाव लेकले?" आजी तिच्या अहिराणीत कडाडली. मी हसत सुटले, कबूलही केलं. आई मात्र उठून मोरीत भांडी घासायला गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजीनं रागानं तार हिसकावली, गंजलेली ती तुटलीच! पत्रं फरशीभर. गोळा करताना वडील म्हणाले, "हे शेवटचं जाड कसं गं?" दोन कागद ओलीनं चिकटलेले! चहाच्या वाफेवर धरून सोडवले. माझ्या हातात देईनात – "तुझं वाचन ऐकलं आत्ताच." स्वतःच वाचू लागले.

"तुझे पत्र पोचले. लेक झाली, पलटणीत गूळ वाटला. मुलीचे नाव लवंगी ठेव. माझ्या खेचराचे तेच आहे. लाथ मारते..."

वडील तिथंच अडले, पुन्हा पहिल्यापासून बघू लागले.

"पप्पा, थट्टा नका ना करू!" मी कागद ओढून घेतला. फिकी शाई, आजोबांना लिहून देणाऱ्या कुणा हवालदाराचं वळणदार अक्षर... शब्द न् शब्द तोच!! 

पन्नास वर्षं न उलगडलेला कागद मी वाचणं शक्य नाही. आजीनंही तो कधी ऐकला नव्हता. योगायोग म्हणाल तर नाव जुळेल एखादं, आख्खी वाक्यं? कुणाला कळत असेल तर सांगा बुवा, मला अजून कळलेलं नाही.

"त्यासले मालूम व्हतं... त्यासले मालूम व्हतं व पोरी!" आजोबांना ठाऊक होतं, म्हणत आजी रडतही होती, हसतही होती. आई राखेच्या हातांनीच धावत आली. आजीनं तिचं पिकू लागलेलं डोकं मांडीवर ओढलं, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... लवंगी."