श्रावणच्या मुलीची बेरीज

श्रावण नागपुरे हा आमच्या बपेऱ्याचा मासेमार. शाळा दुसरीतच सुटली, पण तलावात कुठे कमरेइतकं पाणी आणि कुठे माणूस बुडेल, हे तो काठावरूनच सांगतो. त्याची मुलगी ज्योत्सना पायलटच्या परीक्षेची तयारी करते आणि गणिताला माझ्याकडे येते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्याचा मला भारी ताठा होता. तो या बापलेकीने उतरवला.

तिचं घोडं अडलं होतं प्रेशर अल्टिट्यूडवर, म्हणजे हवेच्या दाबावरून काढायच्या उंचीवर. प्रमाण दाब १०१३ मिलिबार धरतात. त्या दिवशीचा दाब त्याहून जितका कमी, त्यातल्या दर मिलिबारला तीस फूट धावपट्टीच्या उंचीत मिळवायचे. ज्योत्सना नेमके वजा करायची. दाब कमी तर उंचीही कमी, हेच तिच्या डोक्यात बसलेलं. या पेपरात ती दोनदा थोडक्यात नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर शिष्यवृत्ती गेली असती आणि विमानही. एक दिवस तिच्या घरी शिकवताना मी चिडून ओरडलो. पोर रडायला लागली.

श्रावण ओट्यावर जाळं सांधत होता. "सर, रागावता काहून? चाल वो ज्योत्सना, तलावावर."

मीही मागे गेलो. त्याने पाण्यातला एक मोठा गोटा दाखवला.

"दिवाळीले हा पाण्याच्या किती वर होता?"

"वीतभर."

"आता?"

"कमरेएवढा."

"गोटा वाढला का?"

"नाही बाबा, पाणी उतरलं." ती थबकली. मग माझ्याकडे वळली. "सर! १०१३ ची पातळी म्हणजे हे पाणी. दाब कमी झाला का ते खाली जाते, अन् धावपट्टी त्याच्यावर उंच राहते. म्हणून मिळवायचं!"

मला आनंद झाला आणि ओरडल्याची लाजही वाटली.

ती पास झाली. त्यांच्या घरात सगळे हसत होते, श्रावण तेवढा माझ्याजवळ सरकला.

"सर, पेपरात चुकलं तं मार्क जाते. वर आभाळात चुकलं तं?"

मी आयुष्यभर चुका गुणांतच मोजल्या.

ज्योत्सना बापाजवळ बसली. "म्हणून तं मी अजूनही रोज दहा गणितं करून राहिली, बाबा. मार्कासाठी नाही."