आक्कानं सोडलेलं मटण

अगं, पाहुण्यासारख्या दारात काय बसता? जवळ सरका, आणि तो मोबाईल पालथा घाला घटकाभर. माझ्या थोरल्या नणंदेएवढं मटणावर जीव टाकणारं माणूस लातूर जिल्ह्यात झालं नाही, आणि तिच्यासारखं ते सोडणारंही.

आम्ही तिला आक्का म्हणतो. मुरुडला राहते. चर्चच्या उपासनेत पहिल्या सतरंजीवर बसते, गाणं सगळ्यांच्या आधी सुरू करते आणि सगळ्यांच्या नंतर संपवते. पण रश्श्याचा वास आला की आमेन जरा लवकर व्हायचं. आमच्याकडं नवस फिटला की दर्ग्यावर बोकड कापून गावाला जेवू घालतात, त्याला कंदुरी म्हणतात. आक्कानं एक कंदुरी चुकवली नाही. निलंग्याला तर एसटीत स्वतःची परात मांडीवर घेऊन गेली, का तर तिथले वाढपी हात आखडतात म्हणून! नवसाचं मटण आपण खावं का, असा पाळकांनी चाचरत विषय काढला, तर म्हणाली, "बोकड केलं कुणी? माझ्या आकाशातल्या बापानं. मग लेकीनं खाल्लं तर कुणाचं काय गेलं?" शास्त्राला धरून तिचं चुकत नव्हतंच.

मग मंडळीत रेखा आली. नवीनच विश्वासात आलेली, कडेवर तान्हं लेकरू. नवस राहिला तर लेकराला काही होईल, या धास्तीत तिचं सगळं आयुष्य गेलेलं. कंदुरीत आक्कानं तिला शेजारी बसवलं. "खा गं, काय होत न्हाई." आक्का खाते म्हणून तीही भीत भीत जेवली. दोन दिवसांनी लेकराला ताप भरला आणि रेखा उपासनेला यायची थांबली. आम्ही दोघी घरी गेलो. ती म्हणाली, "आक्का, तुमाला पचतं. मला वाटून राहिलं, मी परत मागं, नवसाकडं गेले. आता प्रभू बी माझा न्हाई."

एरवी पाळकांना ऐकवणारी आक्का तिथं नुसती लेकराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. वाटेत म्हणाली, "आजपासून मटण बंद."

"कंदुरीचं ना?"

"समदंच. कोणतं कुठलं, ते तिला कसं कळावं? माझ्या जिभेपायी तिचा प्रभू जायचा व्हता गं."

लेकरू बरं झालं. रेखा मात्र बऱ्याच महिन्यांनी आली, आणि मागं चपलांजवळ बसली. आक्का पहिली सतरंजी सोडून तिच्याजवळ जाऊन बसली. कंदुरीचं बोलावणं आलं की अजून जाते, मसाला वाटते, आणि पंगतीत कांदा-भाकर खाते. "आमचं काई चुकलं का, आक्का?" असं कुणी विचारलं तर, "तुमचं न्हाई रे बाबा, माझंच पोट नखरे करून राहिलंय."

मागं रेखानंच मटणाचा डबा आणला. "आता भ्या गेलं माझं. खावा." आक्कानं झाकण उघडलं, डोळे मिटले, आणि परत लावलं. "तुझं गेलं गं. पर ती नवी आलीय ना, भिंतीला टेकून बसती, ती अजून भिऊन हाय."

आता आक्काचे दातही गेले. परवा विचारलं, वाईट वाटतं का? "वाटतं की! श्रावण सरला की गल्लीभर वास सुटतो, तवा लई वाटतं." आणि हसली.

तेव्हा तिला भेटून या गं बायांनो, लवकर. थकलीय ती. भाकरी मात्र अजून स्वतःच थापते.